मजकूर साधा असावा, तरच तो आपला राहतो



नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्यांचे लेखन एका बैठकीत होत नाही. प्रवासात मोबाइलवर दोन परिच्छेद लिहून होतात, रात्री संगणकावर त्यांत भर पडते आणि सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रात त्याच मजकुरावरून पुन्हा हात फिरतो. असा मजकूर एका साधनावरून दुसऱ्यावर जाताना शाबूत राहणे, ही आपली पहिली गरज आहे. ती साध्या टेक्स्ट फाइलइतकी दुसरे काहीही भागवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेक्स्ट फाइलमध्ये केवळ अक्षरे असतात. ठळक ठसा, रंग, चित्रे यांना तेथे स्थान नाही. म्हणूनच ती उघडण्यास विशिष्ट कंपनीचे सॉफ्टवेअर लागत नाही. तिचा आकारही नगण्य असतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘क्ष’ म्हणजे क, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ष. एकूण ९ बाइट. या हिशेबाने १०,००० चिन्हांचा निबंध सुमारे ३० किलोबाइटमध्ये मावतो.

मराठी लिहिणाऱ्याने तर याकडे अधिकच लक्ष द्यावे. युनिकोड रुळण्यापूर्वी संगणकावरील मराठी बहुधा विशिष्ट फॉन्टला बांधलेली असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच लेख रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता होऊन दिसे. त्या काळातील कितीतरी लेखन आजही रूपांतर केल्यावाचून वाचता येत नाही. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक दिला. ‘क’चा क्रमांक ०९१५, तो मोबाइलवर आणि संगणकावर एकच.

तथापि दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले जतन करण्याच्या पद्धतीचे. विंडोज १० मधील नोटपॅड २०१९ पासून नवी फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये जतन करते. त्याआधीच्या नोटपॅडमध्ये हा पर्याय आपण निवडला नाही, तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. दुसरे पथ्य प्रतींचे. मोबाइलवरील बदल संगणकावर पोहोचण्याआधीच तेथे लिहू लागलो, की एकाच निबंधाच्या दोन भिन्न प्रती होतात. म्हणून एका वेळी एकाच ठिकाणी लिहावे आणि फाइलच्या नावात दिनांक घालावा.

साध्या फाइलमध्ये ठळक शीर्षक, तक्ता वा तळटीप नीट देता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. स्वाध्याय सादर करताना ही मांडणी हवीच. परंतु ती शेवटची पायरी होय. विचार अजून आकार घेत असताना फॉन्ट आणि समास निवडण्यात गेलेला वेळ वाक्याच्या वाट्याचा असतो. कच्चा मसुदा साध्या फाइलमध्ये पूर्ण करावा. सजावट नंतर एकदाच करावी.

पदवी मिळेपर्यंत आपला मोबाइल कदाचित बदलेल, आज सोयीचे वाटणारे ॲप बंदही पडेल. आपली टिपणे मात्र त्यानंतरही आपल्याला वाचता आली पाहिजेत. या सत्राचे पहिले टिपण टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि ते दोन्ही साधनांवर उघडून पाहा.