मांजराला पॅरासिटामॉल, कुत्र्याला ‘औषध नकोच’

‘डॉक्टर, मांजर गरम लागतंय, पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर ठरलेलं आहे : नाही. पाव गोळी नाही, लहान मुलांचं सिरप तर अजिबात नाही.

कारण समजून घ्या. आपलं यकृत पॅरासिटामॉलला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. हे जोडकाम करणारं विकर मांजराकडे जवळजवळ नसतंच. मग औषध आडवाटेने मोडतं, आणि त्यातून निघणारे पदार्थ रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतात. प्राणवायू वाहून नेणं थांबतं. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची पाव गोळी म्हणजे किलोमागे सुमारे ३१ मिलिग्रॅम. किलोमागे १० मिलिग्रॅमनेही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो काही तासांत मिळाला तरच उपयोग. ‘सकाळी बघू’ म्हणण्याइतका वेळ नसतो.

आपली चूक त्रैराशिकाची आहे. माणूस ६० किलोचा, कुत्रा १५ किलोचा, म्हणजे गोळी चौथाई! प्राणी म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. आपण डोकेदुखीला सहज घेतो त्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मात्रा वाढली तर मूत्रपिंडं जातात. जे औषध दोघांनाही चालतं, तिथेही हिशेब वेगळा. मेलॉक्सिकॅम कुत्र्याला रोज किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास देतात, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला अर्धा मिलिग्रॅम. माणसाची गोळी १५ मिलिग्रॅमची, म्हणजे तीसपट! आणि डायक्लोफेनॅकचं काय झालं ते तर देशाने पाहिलं. गुरांना ते लागू पडत होतं, पण त्या गुरांचं मांस खाल्लेली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळपास संपली होती.

एवढं वाचून ‘बघा, म्हणूनच आम्ही आमच्या कुत्र्याला कसलीच औषधं देत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी घाई करू नये. माझं खरं भांडण त्यांच्याशीच आहे.

बारा वर्षांचा लॅब्रेडॉर. जिना चढत नाही, उठताना मागचे पाय थरथरतात, एकच सांधा सारखा चाटतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं त्याचं.’ पशुवैद्यक सांधेदुखीची गोळी लिहून देतात, आणि घरी कुणीतरी मोबाइलवर दुष्परिणामांची यादी वाचून पुडी कपाटात टाकतं. ‘किडनी खराब होते म्हणे.’ होऊ शकते, हे खरंच. पण यादीत लिहिलेली शक्यता आणि रोज सकाळी उठताना होणारी वेदना एकाच तराजूत घालायला नकोत का? गोळी न देणं हाही निर्णयच आहे, आणि त्याचेही दुष्परिणाम आहेत : स्नायू झडतात, वजन वाढतं, सांधा आणखी दुखतो. फरक इतकाच, की हे दुष्परिणाम गोळीच्या कागदावर छापलेले नसतात. तुमचे गुडघे दुखले तर तुम्ही माझ्याकडे येऊन तक्रार करता. तो बिचारा शेपूट हलवतो आणि आपण समजतो, बरा आहे.

तराजू एकदा भरून ठेवायचा नसतो, हेही खरं. मांजरांसाठी मेलॉक्सिकॅमच घ्या. युरोपात अगदी कमी मात्रेत ते दीर्घकाळ द्यायला परवानगी आहे. अमेरिकेत त्याच्या कागदावर वारंवार वापराने मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो असा ठळक इशारा आहे. औषध तेच. म्हणून अमुक औषध चांगलं की वाईट, हा प्रश्नच निरर्थक. या जनावराला, या वयात, मूत्रपिंडं अशी असताना, किती आणि किती दिवस, असं विचारा. आणि ते पशुवैद्यकाला विचारा. मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावराचं औषध लिहून देणं माझं काम नव्हे, औषधाच्या दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाचं तर नाहीच.

गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या करून घ्या, काही आठवड्यांनी पुन्हा करा. आधी कुठे स्टिरॉइड चालू असेल तर ते सांगा, कारण दोन्ही एकत्र दिली तर जठराला भोकं पडू शकतात. गोळी जेवणाबरोबर द्या, पाणी सतत समोर ठेवा. उलट्या, काळी शी, किंवा एकदम जेवण सोडणं, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.