तू नुसते ओठ हलव

चौथीच्या गॅदरिंगला समूहगीतात माझी निवड झाली होती. दुसऱ्याच प्रॅक्टिसला बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'तू नुसते ओठ हलव हं.' मी हलवले. त्यानंतर बाथरूममध्येसुद्धा कधी गायले नाही.

त्यामुळे यंदा जूनमध्ये पियानोचा क्लास लावला तेव्हा घरी जाम हशा पिकला. पण माझं लॉजिक एकदम फुलप्रूफ होतं, बॉस! पियानोत सूर लावावा लागत नाही. कागदावर लिहिलंय ती पट्टी दाबायची. आणि वाचणं-लिहिणं हा तर माझा धंदा.

कसलं काय! पाच रेषा वर, पाच खाली. वरच्या बहुतेक उजव्या हाताच्या, खालच्या डाव्या. दोन्हींच्या मध्ये, एका छोट्याशा जादा रेषेवर, मिडल सी. ट्रेबल क्लेफचं वेटोळं खालून दुसऱ्या रेषेभोवती फिरतं, तो 'जी'. बेस क्लेफची दोन टिंबं ज्या रेषेला मध्ये धरतात, तो 'एफ'. तिथून पुढे मोजत जायचं. मी मोजत होते, बोटाने. शेजारचा दुसरीतला मुलगा म्हणाला, 'ताई, डी आहे तो.'

मग मराठी डोकं चालवलं. प्रत्येक नोटखाली पेन्सिलीने सा रे ग म! सी म्हणजे सा. आठवडाभर ऐश. पुढचा धडा निघाला जी मेजरमध्ये आणि सगळं मुसळ केरात. आपला सा हवं तिथे बिऱ्हाड हलवतो, सी बापडा आहे तिथेच राहतो. सरांनी काही न बोलता खोडरबर पुढे केलं.

'नावं वाचू नकोस, अंतर वाच,' ते म्हणाले. रेषेवरची नोट लगतच्या मोकळ्या जागेत गेली, तर शेजारची पांढरी पट्टी. थेट पुढच्या रेषेवर गेली, तर मधली एक गाळायची. आपण तरी 'कमळ' कुठे क, म, ळ असं वाचतो? बेथोवनच्या नवव्या सिंफनीतली (१८२४) ती प्रसिद्ध धून नवशिक्यांच्या पुस्तकांत हमखास असते. ती बहुतेक शेजारच्या शेजारीच चालते, हे मला तेव्हा कुठे दिसलं.

परवा रात्री हेडफोन लावून तोच जी मेजरचा धडा वाजवत होते. डोळे कागदावर, बोटं आपली चाललेली. तिसऱ्या ओळीत हात थांबले. काहीतरी खटकलं. नोट तर बरोबर होती! मग ओळीच्या सुरुवातीचं शार्पचं चिन्ह दिसलं. एफ नाही, एफ शार्प. म्हणजे जीला सा धरला, तर शुद्ध नीच्या जागी मी कोमल वाजवला होता आणि ते डोळ्यांच्या आधी कानाला कळलं होतं. माझ्या कानाला!

हेडफोन काढून रूममेटला उठवलं आणि दोन्ही वाजवून दाखवले. तिला काही फरक कळला नाही.