वर्दी उतरल्यानंतरची तपासणी

साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावात फौजेची परंपरा घराघरांत पोचलेली आहे. आपले कित्येक वाचक अशाच घरांतले. म्हणूनच या अंकाचा विषय आहे सैनिकी कुटुंबं आणि कर्करोग.

नोकरीत असताना जवानाची ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी होते. चाळिशीच्या आगेमागे तो निवृत्त होतो आणि तो शिरस्ता सुटतो. कर्करोगाचा धोका वाढतो, तो नेमका पुढच्या वर्षांत. २००३मध्ये सुरू झालेल्या ‘ईसीएचएस’ योजनेनं माजी सैनिक व अवलंबितांच्या उपचारखर्चाचा भार पुष्कळ उचलला. पण कार्ड हाती असलं तरी पॉलिक्लिनिक किती लांब, रेफरलचा कागद कोण समजावणार, पुण्या-मुंबईला सोबत कोण येणार, हे प्रश्न उरतातच. एकट्या राहणाऱ्या वीरपत्नीला ते अधिक जाचतात. स्तनातली गाठ संकोचापायी महिनोन्‌महिने लपवली जाते, तंबाखूनं तोंडात पडलेला चट्टा किरकोळ ठरतो.

अमेरिकी लष्करी आरोग्यव्यवस्थेतल्या काही अभ्यासांत, उपचार सर्वांना खुले असले की गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या जगण्यातली तफावत काही कर्करोगांत घटलेली दिसली, सगळ्यांत नव्हे.

म्हणजे उपचार खुले असणं मोलाचं, पण तेवढंच पुरत नाही. म्हणून या अंकात आम्ही औषधांपेक्षा अंतर, शिक्षण, वय आणि घरातलं बाईचं स्थान यांकडे पाहिलं आहे. तुमच्या गावात निदानाला उशीर कशामुळे होतो? जरूर लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.