भांडण मिटलं, पोर घरी बसली

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि आठवीतली एक मुलगी आलीच नाही. आठवडाभर वाट पाहून घरी गेलो. अब्बांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "सर, तिथं पोरं कड्यानं डोकी फोडतात. आमची पोर कशाला पाठवू?"

मुलीला कोणी बोटही लावलं नव्हतं. सुट्टीआधी एसटी स्टँडवर दहावीच्या दोन गटांत जुंपली, पट्टे निघाले, एकाच्या डोक्याला टाके पडले. ती फक्त बसची वाट पाहत उभी होती.

त्या मारामारीवर गावात बैठक झाली. "पोरांची भांडणं, उद्या एका ताटात जेवतील" म्हणून प्रकरण मिटवलं. दोघांनी हात मिळवले, फोटो काढला, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. टाके पडलेल्या मुलाला वर्गात रोज टोमणे बसत होते. या मुलीच्या घरी तर कोणी गेलंच नाही.

माझं भांडण या 'मिटवण्या'शी आहे. आपल्याकडे खेड्यात सातवीपर्यंतची उर्दू शाळा मोहल्ल्यात असली, तरी पुढे हायस्कूलसाठी बहुतेक दुसऱ्या गावाला जावं लागतं. मुलींना एसटीचा पास सरकार फुकट देतं. पण घरच्यांना स्टँडचीच भीती बसली, तर तो पास दप्तरातच राहतो. मारणारा दहावीची परीक्षा देतो, बघणारी घरी बसते.

आता आपल्या लोकांविषयी. मोहल्ल्यात पहिला प्रश्न काय आला? मारणारा आपला की त्यांचा? अहो, दोन्ही गटांत दोन्हीकडची पोरं होती, भांडण कबड्डीच्या संघावरून. पण स्टँडवरून मोहल्ल्यात पोचेपर्यंत त्याला टोपी आणि टिळा लागला होता. मग पोर घरात बसली की आपण म्हणतो, बरं झालं, इज्जत राहिली. पोरीची तालीम बुडवून कोणती इज्जत राहते, हे मला इतकी वर्षं शिकवूनही कळलेलं नाही.

काही जण म्हणतात, छडी परत आणा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. छडीच्या काळात मी स्वतः विद्यार्थी होतो. आम्ही मारामाऱ्या शाळेच्या कुंपणाबाहेर करायचो, एवढाच फरक. पण छडी काढून तिच्या जागी काय दिलं? आमच्या शाळेत समुपदेशक नाही. मुलांशी निवांत बोलायचा वेळ निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामात जातो. त्याच कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्या बैठकीत मात्र एकही आई नव्हती.

अब्बांची अट एवढीच आहे, की संध्याकाळच्या बसला स्टँडवर कोणीतरी मोठं माणूस उभं राहावं. मंगळवार आणि गुरुवार मी घेतले. उरलेल्या दिवसांसाठी सरपंचांना फोन केला. ते म्हणाले, "सर, ते प्रकरण तर मिटलं ना?"