सिरीज अर्धवट बंद होते, तसा तुमचा धंदा बंद करू नका



आज धंद्यावरच बोलायचंय, पण सुरुवात टीव्हीपासून करते. परवाच्या व्हिडिओत मी ओघात बोलून गेले की अर्धवट सोडलेल्या सिरीजसारखा वैताग दुसरा नाही. तो मुद्दा तिथे राहूनच गेला. म्हणून आज नीट लिहिते.

दुकान बंद करून घरी गेलं, जेवणं उरकली, की मी आणि नवरा रोज एक एपिसोड बघतो. आमची करमणूक तेवढीच. 'डार्क' ही जर्मन सिरीज आम्ही अशीच संपवली. तीन सीझन, २६ भाग. गोष्ट इतकी गुंतागुंतीची की कोण कुणाचा बाप हे वहीत लिहून ठेवायची वेळ आली. पण शेवटी सगळ्या गाठी सुटल्या. म्हणून त्याच जोडीने, म्हणजे बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझ यांनी 'नेटफ्लिक्स'वरच '१८९९' आणली, तेव्हा आम्ही डोळे झाकून बसलो. युरोपातून न्यूयॉर्कला निघालेलं जहाज, प्रत्येक प्रवासी आपापली भाषा बोलतोय, आणि आठव्या भागाच्या शेवटी सगळी गोष्टच उलटी फिरते. आता खरी सुरुवात होणार म्हणून नवऱ्याने पुढचा सीझन शोधला, तर कळलं की पुढचा सीझनच नाही!

ही सिरीज १७ नोव्हेंबर २०२२ ला आली आणि २ जानेवारी २०२३ ला तिच्या निर्मात्यांनीच सांगितलं की ती पुढे होणार नाही. अवघ्या दीड महिन्यात निकाल. त्यांच्या डोक्यात 'डार्क'सारखेच तीन सीझन होते. आपल्या हातात आला पहिला तिसरा हिस्सा.

राग येतोच. पण आपण धंदेवाईक माणसं आहोत. राग आला की आधी हिशोब बघायचा.

कंपनीचा हिशोब काय असतो?

आपल्या मराठी मालिकांचं गणित साधं आहे. दर आठवड्याला टीआरपी येतो, त्यावर जाहिरातीचा भाव ठरतो. टीआरपी पडला की आधी वेळ बदलते, मग मालिका 'निरोप घेते'. पण घाईघाईत का होईना, शेवटचा भाग दाखवतात. कुणाचं तरी लग्न लावतात, खलनायिकेला जेलमध्ये टाकतात आणि मोकळे होतात.

ओटीटीवर तुम्ही महिन्याचे पैसे भरता, एका सिरीजचे नाही. म्हणजे एखाद्या सिरीजने किती कमावले हे गल्ला मोजून सांगता येत नाही. कंपनी बघते की हिच्यावर खर्च किती झाला आणि हिच्यामुळे किती लोक आले किंवा टिकले. 'नेटफ्लिक्स'ने २०१९ मध्ये ब्रिटनच्या संसदीय समितीला कळवलं होतं की ते प्रेक्षक तीन प्रकारे मोजतात. सुरू करणारे, बघणारे आणि पूर्ण करणारे. पूर्ण करणारा म्हणजे सीझनचा ९० टक्के भाग बघितलेला. आणि यातले आकडे ते तेव्हा निर्मात्यांना पहिल्या ७ दिवसांचे आणि पहिल्या २८ दिवसांचे देत होते.

यातला 'पूर्ण करणारा' हा शब्द लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

जानेवारी २०२३ मध्येच 'नेटफ्लिक्स'चे प्रमुख टेड सरँडोस यांनी 'ब्लूमबर्ग'ला मुलाखत दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आम्ही यशस्वी सिरीज कधीच बंद केलेली नाही. ज्या बंद झाल्या त्यातल्या बऱ्याच जणींचा प्रेक्षक फार लहान होता आणि बजेट फार मोठं. लहान प्रेक्षकासाठी लहान बजेट, मोठ्या प्रेक्षकासाठी मोठं बजेट, हे जमलं तर काम कायम चालू राहू शकतं.

प्रेक्षक म्हणून मला हे उत्तर अजिबात पटलं नाही. दुकानदार म्हणून मात्र मी ते दोनदा वाचलं. कारण माझ्याकडे क्लासला येणाऱ्या दहा नवीन उद्योजकांपैकी सहा-सात जण नेमकं हेच उलटं करतात. गिऱ्हाईक गल्लीपुरतं आणि इंटिरियर मॉलसारखं. अजून पहिली ऑर्डर नाही आणि पाच हजार बॉक्स छापून तयार.

मग कंपनीचं चुकलं कुठे?

माझं मत स्पष्ट आहे. तोट्यातली सिरीज बंद करणं चूक नाही. ती अर्धवट सोडणं चूक आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्धवट सोडण्याची किंमत त्या सिरीजच्या खात्यात दिसत नाही, पण ती कुठेतरी भरावी लागतेच. आमच्या घरात आता नियम झालाय की सिरीज पूर्ण झाली असेल तरच सुरू करायची. नवीन आली की नवरा म्हणतो, "थांब, आधी संपू दे." आता बघा. माझ्यासारखी हजारो घरं थांबली, तर पहिल्या २८ दिवसांत नव्या सिरीजला बघणार कोण? बघितलं नाही म्हणून बंद करतात, आणि बंद करतात म्हणून आम्ही बघत नाही. एका अर्धवट सिरीजची शिक्षा पुढच्या चार सिरीजना होते.

शेवट करायला फार मोठा खर्च लागतो असंही नाही. 'सेन्स८' ही सिरीज २०१७ मध्ये दोन सीझननंतर बंद केली. चाहत्यांनी एवढा आरडाओरडा केला की जून २०१८ मध्ये सुमारे अडीच तासांचा एक शेवटचा भाग काढला. अख्खा सीझन नाही, एकच भाग. पण गोष्ट संपली आणि माणसं शांत झाली. याउलट 'ग्लो' ही महिला कुस्तीवरची सिरीज. चौथा सीझन शेवटचा असेल असं जाहीर केलं, शूटिंग सुरू झालं, मग कोविड आला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तोही रद्द. शब्द देऊन मागे घेतलेला तर जास्तच टोचतो.

अजून एक उदाहरण देते, कारण ते सरळ धंद्याचं आहे. 'मॅनिफेस्ट' ही विमानाची गोष्ट अमेरिकेतल्या 'एनबीसी' चॅनेलने तीन सीझननंतर जून २०२१ मध्ये बंद केली. त्याच महिन्यात जुने भाग तिथल्या 'नेटफ्लिक्स'वर आले आणि पहिल्या नंबरवर गेले. ऑगस्टमध्ये २० भागांचा शेवटचा सीझन मंजूर झाला. माल तोच होता, फक्त दुकान बदललं. तुमचा माल खपत नसेल तर माल वाईट आहे असं लगेच ठरवू नका. तो चुकीच्या रस्त्यावर ठेवलेला असू शकतो.

आता माझी चूक सांगते

दुसऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं. माझं दुकान पिठं, मसाले आणि चटण्यांचं आहे. काही वर्षांपूर्वी मी संध्याकाळचा ताज्या भाकरीचा काउंटर सुरू केला. ज्वारी आणि बाजरी. दोन मावशी ठेवल्या, प्रत्येकी ३०० रुपये संध्याकाळचे. भाकरी १५ रुपये. रोज ८० भाकरी करायच्या असं मीच ठरवलं, का ते विचारू नका. विकल्या जायच्या ४० च्या आसपास.

हिशोब बघा. गल्ल्यात ६०० रुपये. दोघींचा पगार ६००. पीठ आणि गॅस भाकरीमागे ५ रुपये, म्हणजे ८० भाकरींचे ४००. रोजचा तोटा ४०० रुपये. ३० दिवसांत १२ हजार गेले. एका शनिवारी रात्री मी वही बंद केली आणि मावशींना म्हटलं, सोमवारपासून येऊ नका.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता एक काका आले. एकटे राहायचे, सत्तरीच्या पुढचे. रोज दोन भाकऱ्या न्यायचे, सोबत स्वतःचा स्टीलचा डबा. तव्याची जागा रिकामी बघून म्हणाले, "आज उशीर आहे का?"

मी म्हटलं, "काका, बंद केलं. परवडत नव्हतं."

ते रागावले नाहीत. डब्याचं झाकण परत लावलं आणि म्हणाले, "शनिवारी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी भाजी करून ठेवलीय." आणि गेले.

काका नंतर कधीच आले नाहीत. भाकरीसाठी नाही, पिठासाठी नाही, मसाल्यासाठीही नाही. भाकरीच्या आधीपासून ते माझ्याकडे पीठ घेत होते. १२ हजारांचा तोटा वहीत दिसला, हा कुठल्याच पानावर दिसला नाही.

काउंटर बंद करायचा निर्णय बरोबर होता, हे मी आजही म्हणते. शनिवारी रात्री ठरवून सोमवारी तवा काढून टाकला, ते चुकलं. आणि अजून एक चुकलं. ४० भाकरी विकल्या जातात एवढंच मी मोजत होते. त्या घेतं कोण, हे मोजलं नव्हतं. नंतर उधारीची वही आणि फोन बघून आठवून आठवून यादी केली, तर निम्म्याहून जास्त भाकरी ठरावीक बारा घरांत जात होत्या. हे माझे 'पूर्ण करणारे' होते, आणि मी त्यांनाच सोडलं होतं.

आज तोच काउंटर आठवड्यातून तीन दिवस चालतो. एकच मावशी, सकाळी ऑर्डर घ्यायची, संध्याकाळी तेवढ्याच भाकरी. बारा घरं, घरामागे साधारण चार भाकरी, म्हणजे ४८. भाव तोच, ७२० रुपये. पीठ-गॅस २४०, पगार ३००. हातात १८० रुपये उरतात. मोठी कमाई नाही, पण तोटा नाही आणि त्या निमित्ताने पिठाची विक्रीसुद्धा होते. लहान प्रेक्षक, लहान बजेट. सरँडोस साहेबांचं ते वाक्य वाचताना मला माझा तवा आठवला तो असा.

"पण चिकाटी नको का?"

हा प्रश्न येणारच. प्रत्येक मोटिव्हेशनल व्हिडिओत सांगतात की सोडू नका, टिकून राहा. उदाहरणंही खरी असतात. 'ब्रेकिंग बॅड'चा पहिला भाग २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे १४ लाख लोकांनी बघितला. २०१३ मधला शेवटचा भाग १ कोटीहून जास्त लोकांनी. मध्येच गाशा गुंडाळला असता तर?

बरोबर आहे. पण तो चॅनेल मोठा होता, एका सिरीजने बुडाला नसता. तुम्ही दागिने गहाण ठेवून सुरुवात केली असेल तर तुमची चिकाटी व्याजासकट मोजली जाते. मोठ्या कंपन्या लवकर बंद करतात असं मला वाटतं. आपण छोटे लोक मात्र उलट चुकतो, फार उशिरा बंद करतो. लोक काय म्हणतील म्हणून सहा महिने जास्त भाडं भरतो. आणि मग एका रात्रीत शटर ओढतो, फोन बंद करतो, ॲडव्हान्स दिलेले लोक दाराशी येऊन परत जातात. म्हणजे उशीर पण झाला आणि अर्धवटही सुटलं.

म्हणून नवीन काहीही सुरू करण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा. घरातल्या एका माणसाची त्यावर सही घ्या.

पहिली ओळ, मी काय मोजणार. पहिल्या दिवशी किती आले ते नाही, ते तर नातेवाईक असतात. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा किती आले ते.

दुसरी ओळ, कधीपर्यंत मोजणार. २८ दिवस हा मोठ्या कंपनीचा आकडा आहे, तो आंधळेपणाने घेऊ नका. पापड-लोणच्याला एक सीझन लागेल, नाश्त्याच्या गाडीला दोन महिन्यांत कळेल. पण तारीख लिहा.

तिसरी ओळ, जास्तीत जास्त किती पैसे घालणार. तो आकडा संपला की थांबायचं, मग मन काहीही म्हणो.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच कुणी लिहीत नाही. बंद करायची वेळ आली तर कसं करणार. किती दिवस आधी गिऱ्हाइकाला सांगणार, घेतलेला ॲडव्हान्स कसा परत करणार, कामाच्या माणसाला किती दिवसांची सूचना आणि किती पगार देणार, पुरवठादाराची बाकी कशी फेडणार. आणि या पैशाला हात लावायचा नाही. तो तुमच्या शेवटच्या एपिसोडचा पैसा आहे.

धंदा बंद झाला म्हणून माणसाचं नाव जात नाही. आपल्याच बाजारात दोनदा दुकान बंद करून तिसऱ्यांदा उभी राहिलेली माणसं आहेत, आणि त्यांना लोक उधार माल देतात. कारण दोन्ही वेळा त्यांनी सगळ्यांचा हिशोब चुकता केला होता. गोष्ट नीट संपवणाऱ्याची पुढची गोष्ट लोक पहिल्या दिवसापासून बघतात. 'डार्क' संपली होती म्हणूनच ना आम्ही '१८९९'समोर बसलो?

यातली चौथी ओळ तुमच्या कागदावर काय असेल, ते मला जरूर कळवा. चालू धंदा असेल तरी आजच लिहा.

चला, दुकान उघडायची वेळ झाली. आज भाकरीचा वार आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत!