'राम' कापून उरते काय? आत्राम, मेश्राम आणि आडनावांचा खोटा इतिहास

१.
आत्राम आणि मेश्राम. या दोन आडनावांच्या शेवटी मराठी कानाला 'राम' ऐकू येतो, आणि तेथूनच एका खोट्या इतिहासाला आरंभ होतो. मेष अधिक राम, आत्मा अधिक राम, अशी फोड कागदावर मांडायला क्षणभर पुरतो. ती खोडून काढण्यासाठी मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. हा धागा त्याच वाटेने जातो.

२.
प्रथम शेजारची नावे पाहावीत : टेकाम, मरकाम, नैताम, गेडाम, सिडाम, सोयाम, पेंदाम, तोडसाम. यांपैकी एकातही 'राम' नाही. सर्वांत आहे तो शेवटचा '-आम'. आत्राम आणि मेश्राम ही याच माळेतील नावे. त्यांतील 'र' आधीच्या अंगाचा आहे. तो तेथून उचलून 'आम'ला जोडला की राम तयार होतो. हाच न्याय लावायचा तर टेकाम आणि मरकाम यांत 'काम' शोधून या कुळांचे नाते मदनाशी जोडावे लागेल. तसे कोणी करत नाही, कारण तेथे हास्यास्पदता उघड दिसते. रामाच्या बाबतीत ती श्रद्धेच्या आड झाकली जाते, एवढाच फरक.

३.
मग या नावांचा अर्थ कोठे शोधावा? गोंडी भाषेत. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे २९.८ लाख लोक होते. गोंडीत 'टेका' म्हणजे साग आणि 'मरका' म्हणजे आंबा. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत टेकाम हे सागाचे आणि मरकाम हे आंब्याचे कूळ म्हणून नोंदलेले आहे. एवढी उघड किल्ली हाताशी असताना संस्कृत कोशाच्या दारावर धडका देण्याचे प्रयोजन उरत नाही.

४.
मात्र टेकाम आणि मरकाम यांचा अर्थ लागला म्हणून प्रत्येक नावाचा अर्थ लागलाच पाहिजे, हा हट्टही अनैतिहासिक आहे. कुळाचे नाव बोलीतील शब्दाहून जुने असू शकते; ते झिजते, उच्चार बदलतो, मूळ शब्द भाषेतून नाहीसा होतो. अशा वेळी जागा कोरी ठेवणे हे अभ्यासकाचे काम. मिळेल तो ध्वनिसादृश्याचा तुकडा तेथे कोंबणे हे बाजाराचे काम.

५.
याहून मोठी चूक 'आडनाव' या शब्दातच दडलेली आहे. गोंड समाजात ही नावे मुळात आडनावे नव्हतीच. ती 'पाडी' म्हणजे कुळाची नावे. पाडी ही 'सगा' नावाच्या मोठ्या गटात बसते, आणि सगा ओळखला जातो तो देवांच्या संख्येवरून : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच सगातील सर्व पाड्या परस्परांच्या भाऊबंद. त्यांच्यात विवाह होत नाही. सोयरीक करायची ती दुसऱ्या देवसंख्येच्या पाडीशी. प्रत्येक पाडीचा पेर्सा पेन, म्हणजे थोर देव, निराळा असतो.

६.
याचा अर्थ असा की नुसते 'आत्राम' हे अर्धे वाक्य आहे. गोंड वडीलधाऱ्यांच्या लेखी 'किती देवांचे?' हा प्रश्न त्यानंतर येतोच, कारण त्याच्या उत्तरावर सोयरीक ठरते. ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात ही रचना तपशिलाने नोंदवली. त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली आला. देवसंख्येची वाटणीही प्रदेशागणिक बदलते. म्हणून मंडल्याची यादी जशीच्या तशी अहेरीला लावता येत नाही, आणि 'गोंडांच्या सर्व आडनावांचा अंतिम तक्ता' म्हणून जे काही फिरते त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

७.
मेश्रामांचे उदाहरण घ्यावे. आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. तिचा मान आणि पूजेचा अधिकार मेस्राम कुळाकडे आहे. तेथे उच्चार 'मेस्राम' असा आहे. 'श्र' ही मराठी लेखणीची देणगी. ज्या कुळाचा सर्वांत मोठा विधी नागदेवतेशी बांधलेला आहे, त्याच्या नावातून मेंढा आणि राम काढणारी व्युत्पत्ती त्या कुळाकडे एकदाही न पाहता रचलेली असते.

८.
पाडीचे आडनाव झाले ते कचेरीत. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा ब्रिटिश अमलाखाली आला. पुढे जमिनीचा बंदोबस्त झाला; लुसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा बंदोबस्त अहवाल १८६९ चा. त्यानंतर शाळा आल्या, न्यायालये आली, जन्ममृत्यूची कोतवाल बुके आली. नाव, बापाचे नाव आणि जात एवढ्यावर अनेक जुन्या नोंदी संपतात. तेथे पाडी लिहिण्यासाठी रकानाच नव्हता. पुढे आडनावाचा रकाना आला तेव्हा पाडी त्यात बसवली गेली. देवसंख्या मात्र बाहेरच राहिली, कारण सरकारला तिचा काही उपयोग नव्हता.

९.
लिहिणाऱ्याची भाषा बदलली की नावही बदलले. मराठी कचेरीत मडावी, नैताम, कुमरे. हिंदी मुलखात मंडावी, नेताम. तेलुगू बाजूला कुमरा, कुमरम. तेलंगणात कुळाचे नाव आधी येते आणि व्यक्तीचे नंतर. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेलेला कुमरम भीम प्राणहितेच्या अलीकडे जन्मला असता, तर सातबाऱ्यावर तो 'भीम कुमरे' झाला असता. नदी ओलांडली म्हणून वंश बदलत नाही. बदलतो तो कारकून.

१०.
आता लोकसंख्येकडे वळू. 'जगात अमुक इतके आत्राम आहेत' असे आकडे देणारी संकेतस्थळे आहेत. भारताची जनगणना आडनावांचा तक्ता प्रसिद्ध करत नाही. म्हणजे हे आकडे मिळेल त्या यादीवरून बांधलेले अंदाज असतात. जनगणना जमातींची गणना देते, आणि ती अशी : २०११ साली गडचिरोलीच्या १०.७३ लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के, तर चंद्रपूरच्या २२.०४ लाखांत सुमारे १७.७ टक्के. यांत आत्राम किती आणि मडावी किती, हे त्या तक्त्यांतून काढता येत नाही.

११.
समजा, ते काढता आले असते. तरी त्यातून जात निघाली नसती. आत्राम गोंडांत आहेत, परधानांत आहेत आणि कोलामांतही आहेत. परधान हे गोंड कुळांचे परंपरागत गायक व कथनकार. ज्या यजमान कुळाची गाथा ते गातात, त्याचेच पाडीनाव ते लावतात. मेश्राम आणि गेडाम ही आडनावे गोंडांत आहेत, तशीच विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध कुटुंबांतही विपुल आहेत. परधान आणि कोलाम यांच्या अनुसूचीत स्वतंत्र नोंदी आहेत आणि बौद्ध समाजाची घटनात्मक वर्गवारी निराळी आहे. नाव एक, समाज चार.

१२.
हे भारताचेच वैशिष्ट्य नव्हे. गार्सिया हे स्पेनमधील सर्वाधिक आढळणारे आडनाव. २०१० च्या अमेरिकी जनगणनेतही ते सहाव्या क्रमांकावर होते. फिलिपिन्समध्येही स्पॅनिश आडनावे सर्वत्र दिसतात, पण त्यावरून तेथील लोक स्पॅनिश वंशाचे ठरत नाहीत. १८४९ साली गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने फर्मान काढून आडनावांची छापील यादी प्रांतोप्रांती पाठवली आणि कुटुंबांना तीतून नावे लावली. काही गावांत तर बहुतेकांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात, कारण यादीचे तेवढेच पान त्या गावाच्या वाट्याला आले होते.

१३.
जवळचे उदाहरण वसईचे. १५३४ ते १७३९ या काळात तेथे पोर्तुगीज अंमल होता. बाप्तिस्म्याबरोबर डिसोझा, परेरा, लोपीस ही नावे आली आणि घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबांत ती आजही नांदतात. त्यांवरून वसईकरांचे मूळ लिस्बनला नेऊन ठेवणारा माणूस हास्यास्पद ठरतो. तोच माणूस आत्रामांचे मूळ अयोध्येत ठेवतो, तेव्हा मात्र त्याच्या लेखनावर शेकडो पसंतीच्या खुणा उमटतात.

१४.
कोणी म्हणेल, व्युत्पत्ती चुकली तर बिघडले काय? बिघडते ते येथे. अनुसूचित जमातींचा पहिला राष्ट्रपती आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. जमातीचा दावा तपासताना त्यापूर्वीच्या नोंदींना मोठे वजन असते. महाराष्ट्राच्या २००१ च्या २३ व्या अधिनियमानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. पणजोबाच्या नोंदीत आडनाव नाही, आजोबांच्या नोंदीत 'मेसराम' आणि नातीच्या दाखल्यावर 'मेश्राम', अशी कागदांची साखळी घेऊन उभ्या असलेल्या मुलीला 'हे आडनाव तर अमुक समाजाचे' असे एका वाक्यात सांगणे म्हणजे तिच्या शिक्षणावर आणि नोकरीवर घाव घालणे होय.

१५.
विरुद्ध बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही, म्हणून तो नीट ऐकला पाहिजे. खोटे दावे होतात, खऱ्या आदिवासींच्या जागा त्यांत जातात, आणि आडनाव ही निदान एक झटपट चाळणी आहे, असे तो म्हणतो. यातला पहिला भाग खरा आहे. नामसादृश्याच्या आधारे अनुसूचीत शिरता येत नाही, हे २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले : 'हलबा' या नोंदीत 'हलबा कोष्टी' वाचता येणार नाही.

१६.
पण नेमका हाच निकाल आडनावाच्या चाळणीवर उलटतो. नाव सारखे असल्याने हक्क मिळत नसेल, तर नाव सारखे वा वेगळे असल्याने तो हिरावूनही घेता येत नाही. ही चाळणी दोन्हीकडून फुटकी आहे. योग्य आडनाव असलेला बिगरआदिवासी तीतून सहज निसटतो आणि कोतवाल बुकात आडनावच नसलेला गोंड अडकून पडतो. पुढे २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चालीरीती व देवदैवते यांवरून घेतली जाणारी आप्तभाव चाचणीदेखील निर्णायक कसोटी नव्हे. जेथे इतकी विस्तृत विचारपूस अंतिम मानली जात नाही, तेथे एकट्या आडनावाचे वजन ते काय असणार?

१७.
जंगलाचा प्रश्नही याच धाग्यात गुंफलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. अन्य पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. जमातीची ओळख नाकारली गेली की त्याच शेतावरील त्याच कुटुंबापुढचा पुराव्याचा डोंगर कित्येक पटींनी वाढतो. आडनावाच्या चर्चेतील बेफिकिरी अशी बांधावर येऊन पोहोचते.

१८.
दुसऱ्या टोकाचा अतिरेकही तितकाच निषेधार्ह. प्रत्येक मेश्राम आणि गेडाम मुळात गोंडच होता, असे ठासून सांगणारे लेखन राममार्गी व्युत्पत्तीचेच जुळे भावंड आहे. एकाच मुलखात शतकानुशतके राहणाऱ्या समाजांत नावे सामायिक होतात. कोणी कोणाकडून घेतले, हे नाव स्वतः सांगत नाही. आंबेडकरी चळवळीत घडलेल्या कुटुंबाला 'तुमचे खरे मूळ अन्यत्र आहे' असे सांगणारा, आत्रामांना अयोध्येला पाठवणाऱ्याइतकाच उद्धट ठरतो. दोघेही लोकांना न विचारता त्यांचे पूर्वज ठरवतात.

१९.
इतिहासाची आवड असणाऱ्यांनी यापुढे आडनावाचा तक्ता समोर आला की काही गोष्टी विचाराव्यात. हे नाव मूळ भाषेत कसे उच्चारले जाते? ते पाडीचे असेल तर देव किती आणि पेन कोठला? पहिली नोंद कोणी, कोणत्या भाषेत, कशासाठी केली? तेच नाव आणखी कोणकोणते समाज लावतात? ज्या तक्त्याकडे यांची उत्तरे नाहीत, तो पुढे पाठवू नये.

२०.
भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, जिवती येथे आजही पाडी आणि देवसंख्या सांगू शकणारी वृद्ध माणसे आहेत, आणि परधानांच्या कंठात कुळांच्या गाथा आहेत. त्या लिहून घेण्यासाठी फार काळ हाती नाही. दोन अक्षरांचा राम कापून काढण्यात जाणारा वेळ तेथे गेला, तर या नावांचा खरा इतिहास निदान पुढच्या पिढीच्या हाती लागेल.