किती तास नव्हे, किती अंतरावरून?

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात पारा चाळीस अंशांकडे सरकला की शाळकरी मुले दुपारी अकरापासून पाच-साडेपाचपर्यंत घरात अडकतात. उन्हात पाठवणे धोक्याचे आणि घरात ठेवले की हातात मोबाइल. सिडकोतला फ्लॅट असो की गुलमंडीकडचे जुने घर, पलंगावर पालथे पडून वीतभर अंतरावर मोबाइल धरलेले मूल सगळीकडे सारखेच दिसते. शाळा सुरू झाल्या की फळ्यावरचे दिसत नाही म्हणून यांतलीच काही मुले डोळे तपासायला येतात. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, रोज किती वेळ मोबाइल द्यायचा?’

प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये उत्तर देऊन ठेवले आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने तर २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची रीत पाडली. कौतुकाचीच गोष्ट. पण मे महिन्यातल्या सहा तासांच्या दुपारीवर भोंगा हा उपाय नव्हे. त्या दुपारी मूल काहीतरी पाहणारच आहे. मग ते किती अंतरावरून पाहते, हे विचारायला हवे.

डोळ्याचे गणित सोपे आहे. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून डोळ्यातला स्नायू भिंगाचा आकार बदलतो. हे काम डायोप्टरमध्ये मोजतात आणि एकाला मीटरमधल्या अंतराने भागले की आकडा मिळतो. वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटरवर मोबाइल धरला तर पाच डायोप्टर. दोन मीटरवरच्या टीव्हीला अर्धा डायोप्टर. दहा पटींचा फरक, आणि चित्र पाहायला गेले तर लहान होत नाही. ४३ इंची टीव्ही दोन मीटरवरून डोळ्याला जवळपास तेवढाच मोठा दिसतो, जेवढा हातभर नव्हे पण फूटभर अंतरावर धरलेला मोबाइल.

सिडनीत बारा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीस सेंटिमीटरपेक्षा जवळ धरून वाचणाऱ्या मुलांत मायनस नंबर, म्हणजे मायोपिया असण्याची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त वाचणाऱ्यांत ती सुमारे दीड पट होती. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. पण एकूण तासांपेक्षा अंतर आणि सलगपणा यांकडे बोट दाखवणारा तो संबंध आहे. गंमत अशी की म्हैसमाळच्या मनोऱ्यावरून येणारे दूरदर्शन पाहत वाढलेल्या पिढीला ‘टीव्हीपासून लांब बस, डोळे जातील’ असे घरोघरी बजावले जाई. आज तीच पिढी आजी-आजोबा झाली आहे आणि नातवाच्या नाकाजवळचा मोबाइल मात्र तिला खपतो.

घराघरांत राउटर आहे, स्मार्ट टीव्हीही बऱ्याच ठिकाणी आला आहे. मोबाइल किंवा लॅपटॉपमधली व्हिडिओ फाइल त्याच घरातल्या वाय-फायवरून टीव्हीवर दाखवता येते. लॅपटॉपवर फोल्डर ‘शेअर’ केले की टीव्ही ते आपणहून शोधतो. व्हीएलसीसारखे मोफत ॲपही हे काम करते. फाइल घरातल्या घरात फिरते, त्यामुळे इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. बाहेरची लाइन बंद पडली तरी राउटर चालू असेल तर चित्र चालते. दोन तासांचा चार जीबीचा चित्रपट सेकंदाला साडेचार मेगाबिटच मागतो, तेवढे साधा राउटरही देतो. जुन्या शहरातल्या जाड दगडी भिंतींमुळे चित्र अडखळते, तिथे सरळ वायर टाकावी. वाय-फायच्या लहरींची भीती बाळगणारे बरेच भेटतात. राउटर खोलीच्या कोपऱ्यात असतो, मोबाइल गालाला टेकलेला असतो, एवढे लक्षात घेतले तरी ती भीती निम्मी व्हावी.

दुसरा फायदा कदाचित जास्त मोलाचा. ऑनलाइन ॲपवर एक व्हिडिओ संपण्याआधी पुढचा रांगेत उभा असतो. घरच्या फोल्डरमध्ये तेवढेच असते, जेवढे आईवडिलांनी सकाळी ठेवले. दीक्षा ॲपवर पाहून ठेवलेला विज्ञानाचा धडा, मावशीच्या लग्नाचे चित्रण, एखादा रीतसर घेतलेला बालचित्रपट. चोरून उतरवलेल्या फायली नकोत. त्यांच्यासोबत काय काय घरात येते ते कळतही नाही. शिवाय टीव्हीवर काय चालले आहे ते स्वयंपाकघरातून ऐकू येते. इअरफोन लावलेल्या मुलाचे तसे नसते.

टीव्हीला निर्दोष ठरवण्याचा हा खटाटोप नाही. बसून राहण्याचे नुकसान पडदा लांब नेल्याने टळत नाही. सुमारे ८,८०० प्रौढांच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात रोजच्या टीव्हीच्या प्रत्येक जादा तासामागे मृत्यूचा धोका ११ टक्क्यांनी वाढलेला दिसला, हे २०१० मध्ये छापून आले. मधुमेही आजोबांनी नातवाशेजारी तीन तास सोफा अडवला तर नातवाचे डोळे वाचतील आणि आजोबांची साखर चढेल. ताट टीव्हीसमोर नेण्याची सवय तर मुळीच नको. पोट भरल्याचे मुलाला समजत नाही.

आणि मायोपिया टाळायला सर्वांत भक्कम पुरावा आहे तो दिवसाउजेडी घराबाहेर राहण्याचा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर ठेवले. तीन वर्षांनी नवा मायोपिया तिथे ३०.४ टक्के मुलांत आढळला, इतर शाळांत ३९.५ टक्के. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज १२० मिनिटांचे लक्ष्य ठेवले. मराठवाड्यात मे महिन्यात ही मिनिटे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच मिळतात, म्हणून दुपारची फाइल पाचपर्यंत संपेल अशीच निवडावी. पडद्यावर फोल्डरची यादी परत येते, तोवर कॉलनीच्या मैदानावर सावली उतरलेली असते आणि उजेडही असतो.